जुनी डिझेल पिकअप बदलावी की राखावी? नाशिक पट्ट्यातील वाहनधारकासाठी भरवशाचा हिशेब

द्राक्षांचा हंगाम उतरणीला लागला, की दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातील अनेक घरांत एकच विषय निघतो: आठ-दहा वर्षे राबलेली पिकअप आणखी एक हंगाम ओढायची, की ती देऊन नवी घ्यायची. एका बाजूला जुनी गाडी मालासकट कसारा घाटात उभी राहील ही धास्ती असते, तर दुसऱ्या बाजूला नव्या गाडीतले सेन्सर आणि धुराचे फिल्टर गावच्या मेस्त्रीच्या हाती लागत नाहीत, ही तक्रार असते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, परंतु केवळ तेवढ्यावर दहा-अकरा लाखांचा निर्णय घेऊ नये. गाडी कोणत्या कारणाने बंद पडू शकते, बंद पडली तर त्या ठिकाणी ती कोण दुरुस्त करू शकतो आणि तोवर हौद्यातल्या मालाचे काय होते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून तिचा भरवसा ठरतो. ही उत्तरे प्रत्येकाच्या मार्गाप्रमाणे आणि मालाप्रमाणे वेगळी येतात. म्हणूनच शेजाऱ्याला लाभलेली गाडी आपल्यालाही लाभेलच असे नाही.

पुढील विवेचन दीड ते दोन टन माल वाहणाऱ्या डिझेल पिकअपपुरते आहे, म्हणजे बोलेरो पिकअप, योद्धा, बडा दोस्त या वर्गातील गाड्यांचे. मी स्वतः अशा दोन गाड्या चालवल्या आहेत, एक यांत्रिक पंपाची आणि दुसरी बीएस-६ ची, म्हणजे धुराच्या नव्या सरकारी मानकाची, आणि दोघींनीही मला रस्त्यावर उभे केलेले आहे.

पहिले काम: वही

गेल्या बारा महिन्यांत गाडीवर झालेला प्रत्येक खर्च तारीख, किलोमीटर, बिघाडाचे ठिकाण, गाडी किती दिवस उभी राहिली आणि मालाचे नुकसान किती झाले, अशा रकान्यांत लिहून काढावा. पावत्या नसतील तर मेस्त्रीची वही आणि फोनवरून पाठवलेल्या पैशांच्या नोंदी पाहाव्यात. बहुतेक सगळे सापडते. मग प्रत्येक नोंदीपुढे तीनपैकी एक खूण करावी. टायर, क्लच प्लेट, ब्रेक लायनर, पट्टा, बॅटरी ही झाली झीज. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल, चेसिस हा खोलवरचा बिघाड. जास्त भरलेला माल, लांबवलेले ऑइल, रस्त्यावरचे स्वस्त डिझेल यांतून उद्भवलेला तो आपला दोष.

झीज नव्या गाडीतही होणारच. आपला दोष तर आपल्याबरोबर नव्या गाडीतही बसून येतो आणि तिथे तो दुप्पट महाग पडतो, कारण जुना यांत्रिक पंप जे डिझेल कुरकुर करत का होईना पचवत असे, ते नव्या इंजेक्टरला मानवत नाही. गाडी बदलण्याचे खरे कारण केवळ दुसऱ्या खुणेच्या नोंदींत असते. माझ्या जुन्या गाडीची वही मी अशी मांडली, तेव्हा वर्षभरातील अकरा दुरुस्त्यांपैकी खोलवरच्या दोनच निघाल्या; त्या वर्षी मी गाडी बदलली नाही, आणि तो निर्णय बरोबर ठरला.

दुसरे काम: ओझे आणि उतार

गाडीच्या नोंदणी पुस्तकात रिकाम्या गाडीचे वजन आणि मालासह एकूण वजन, असे दोन आकडे असतात. त्यांतील फरकातून चालक व सोबतच्या माणसाचे वजन वजा केले, की खरी क्षमता कळते. हौद्यावर लोखंडी पिंजरा किंवा ताडपत्रीचा सांगाडा मागाहून बसवला असेल, तर तोही वजा करावा. पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोचा क्रेट २० किलोचा धरतात. रिकाम्या क्रेटचे वजन धरून तो २२ किलोच्या आसपास जातो. १७०० किलो क्षमतेच्या गाडीत या हिशेबाने ७७ क्रेट बसतात; प्रत्यक्षात ११० क्रेट चढलेले दिसतात, म्हणजे २४२० किलो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, हा भाग वेगळाच. भरवशाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की ज्याची गरज खरोखरच अडीच टनांची आहे, त्याने दीड टनाची जुनी पिकअप देऊन पावणेदोन टनांची नवी घेतली, तर तीन वर्षांत तो पुन्हा याच चौकात उभा राहील. त्याने एक तर खेपा वाढवाव्यात किंवा वरच्या वर्गातील चारचाकी ट्रक पाहावा.

आता उताराविषयी. गाडीची परीक्षा चढावर होते असे आपण मानतो, परंतु आपल्याकडचा माल मुख्यतः उतरतो. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचावर आहे. वाशीचा बाजार खाडीकाठी आणि सुरतचा बाजार सपाटीवर आहे. कसारा घाटातून मुंबईकडे असो किंवा पेठमार्गे गुजरातकडे असो, भरलेली गाडी घाट उतरते आणि बहुतेक वेळा रिकामी किंवा अर्धी भरून चढते. म्हणून आपल्या भागात इंजिनच्या ताकदीपेक्षा ब्रेक, गिअरबॉक्स आणि इंजिनाने गाडी धरून ठेवण्याची क्षमता यांवर अधिक ताण येतो. जाहिरातीतील टॉर्कचा आकडा पाहून नवी गाडी निवडणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात घ्यावी. जो परतीच्या फेरीत भिवंडीहून पत्रा, टाइल किंवा खत भरून आणतो, त्याचा हिशेब मात्र उलटा आहे. त्याला टर्बो आणि कूलिंग यांची चिंता आधी.

तिसरे काम: जुन्या गाडीची एक सकाळ

गाडी रात्रभर उभी ठेवून, इंजिन पूर्ण थंड असताना तपासणी सुरू करावी. गरम गाडी बरेच काही लपवते.

तपासणी चेसिसपासून सुरू करावी. इंजिन नवे करता येते, चेसिस करता येत नाही, आणि तिथे दोष सापडला तर पुढची तपासणी करण्याची गरजच उरत नाही. गाडी खालून स्वच्छ धुऊन, वाळल्यावर टॉर्च लावून पाट्यांचे हँगर, रिव्हेटच्या भोवतालची जागा आणि हौद्याच्या बोल्टांखालचा भाग पाहावा. रिव्हेटपासून निघणारी बारीक गंजाची रेघ ही बहुधा तडा असते. पूर्वी वेल्डिंग झालेले असेल तर ते कधी आणि का केले, हे आठवावे. तापलेल्या पट्टीची ताकद आजूबाजूला कमी होते आणि पुढचा तडा वेल्डच्या कडेलाच पडतो. त्यानंतर स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजावे. दोन्हींत ठळक फरक आला, तर पाट्याचा मधला बोल्ट सरकला आहे, किंवा ॲक्सल वा चेसिस वाकली आहे.

पुढे इंजिन. थंड इंजिन किती फेऱ्यांत लागते आणि पहिला धूर कोणत्या रंगाचा येतो, ते पाहावे. सुरुवातीचा पांढरा धूर गरम झाल्यावर थांबला, तर फार चिंता नको. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते. ओझ्याखाली गडद काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, आणि हे काम अनेकदा एअर फिल्टर, टर्बोचा फुटलेला पाइप किंवा नोझल एवढ्यावर भागते. गरम इंजिनावर ऑइलचे झाकण सैल करून पाहावे. आतून झपाट्याने वाफ व धूर बाहेर येत असेल, ज्याला मेस्त्री ‘इंजिन बॅक मारते’ म्हणतात, तर रिंगा आणि लायनर झिजले आहेत. मग कॉम्प्रेशन मोजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. सकाळी इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच रेडिएटरचा वरचा पाइप दगडासारखा कडक होत असेल, किंवा डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा.

गाडी कॉमन रेलची, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवरून जास्त दाबाने डिझेल फवारणारी असेल, तर इंजेक्टरची परतीची चाचणी अवश्य करून घ्यावी. चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून इंजिन काही मिनिटे चालवतात. एखादी बाटली इतरांपेक्षा बरीच भरली, तर तो इंजेक्टर आतून झिजला आहे. बाटल्यांना काही खर्च येत नाही, पण हातची तपासणी न करता चारही इंजेक्टर बदलायला सांगणारी माणसे भेटतात.

क्लच, गिअर, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, मागच्या ॲक्सलचा आवाज, किंगपिन किंवा बॉल जॉइंट यांची परीक्षा भरलेल्या गाडीवरच करावी. या दुरुस्त्या मोठ्या वाटल्या तरी त्यांची किंमत आधी कळते आणि सुटे भाग नाशिकच्या द्वारका चौकाच्या आसपास सहज मिळतात. त्यांच्यासाठी गाडी विकू नये.

चेसिस शाबूत, इंजिन झिजलेले अशी स्थिती असेल आणि गाडी जुन्या यांत्रिक पंपाची असेल, तर पूर्ण इंजिन काम हा पर्याय गांभीर्याने घ्यावा. मात्र आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीचे पासिंग, म्हणजे आरटीओची योग्यता तपासणी, दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते, त्यामुळे त्याचा खर्च आणि वाया जाणारे दिवसही त्या पर्यायात मोजावेत.

नव्या गाडीत नेमके नवे काय आहे

बीएस-४ देशभर १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. एप्रिल २०२३ पासून रस्त्यावरील प्रत्यक्ष धुराच्या मोजणीची अटही आली. डिझेलमधील गंधक दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आले. गंधक इतके उतरल्याशिवाय पुढची यंत्रणा टिकलीच नसती. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत डिझेल आणि हवा मिळाली की इंजिन चालत असे. कॉमन रेलमध्ये दीड-दोन हजार बारच्या आसपासच्या दाबाने, संगणकाच्या आज्ञेवरून डिझेल फवारले जाते; त्या इंजेक्टरची छिद्रे केसापेक्षा फार जाड नसतात, आणि पाण्याचा थेंब किंवा बारीक कचरा त्यांना पुरेसा होतो. बीएस-६ मध्ये त्यापुढे धूर स्वच्छ करणारी साखळी आली: धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवणारा ईजीआर, काजळी अडवणारा फिल्टर म्हणजे डीपीएफ, आणि काही गाड्यांत युरियाच्या द्रावणावर चालणारी एससीआर.

यांतील डीपीएफ नीट समजून घेतला, तर नव्या गाडीच्या निम्म्या तक्रारी उलगडतात. तो सायलेन्सरच्या मार्गात बसवलेला, मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे असलेला सिरॅमिकचा ठोकळा असतो. एकाआड एक छिद्रे पुढून बंद व मागून उघडी असल्याने धूर भिंतीतून गाळून जातो आणि काजळी मागे राहते. दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक सेन्सर मोजत असतो. काजळी ठराविक मर्यादेपर्यंत साठली, की संगणक जादा डिझेल फवारून फिल्टरचे तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतो आणि काजळी जाळून टाकतो. या क्रियेला रीजनरेशन म्हणतात, आणि तिला पंधरा-वीस मिनिटे तरी एका चालीने धावणारी गाडी लागते.

मळ्यातून पॅकहाउस चार किलोमीटर, तिथे अर्धा तास इंजिन चालू ठेवून थांबणे, तिथून दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डापर्यंत, मग द्वारका चौकात खोळंबा, अशी ज्या गाडीची दिनचर्या आहे, तिचे रीजनरेशन वारंवार अर्ध्यावर तुटते. भरलेल्या गाडीचा घाटातील लांब उतारही येथे मदत करत नाही, कारण ॲक्सलरेटरवरून पाय काढलेला असताना इंजिनात डिझेल जाळले जात नाही आणि फिल्टर थंड होतो. काजळी वाढत गेली की आधी दिवा लागतो, मग गाडी ताकद कमी करून लंगडत चालते, आणि त्यानंतर मात्र वर्कशॉपमध्ये यंत्र जोडून सक्तीने रीजनरेशन करावे लागते. थोडक्यात, बीएस-६ गाडीला कमी धावणे मानवत नाही. आठवड्यातून तीन वेळा वाशी करणाऱ्याची गाडी ज्या फिल्टरवर बिनतक्रार चालते, तोच फिल्टर सातपूर-अंबडमध्ये दिवसाला तीस किलोमीटर फिरणाऱ्याला छळतो. अशा शहरी फेऱ्यांच्या माणसाने डिझेलचा हट्टच का धरावा, हा प्रश्न आहे. सीएनजीचे पंप आता नाशकात आहेत.

माझ्या बाबतीत झाले ते असे. टोमॅटोचा हंगाम होता आणि तीन आठवडे गाडी फक्त मळा ते बाजार समिती एवढीच फिरली होती. दिवा दोनदा लागून गेला आणि चालकाने इंजिन बंद-चालू करून तो घालवला. पुढच्या वाशीच्या खेपेला इगतपुरीच्या पुढे गाडीने ताकद सोडली. कंपनीच्या वर्कशॉपने रात्री यंत्र पाठवण्यास नकार दिला. माल दुसऱ्या गाडीत चढवून पाठवावा लागला आणि पोहोचेपर्यंत भाव उतरले होते. बिघाड मोठा नव्हता, सक्तीचे रीजनरेशन तासाभरात झाले. चूक माझी होती, कारण दिव्याचा अर्थ मी चालकाला सांगितलाच नव्हता.

डीपीएफविषयी आणखी तीन गोष्टी. काजळी जळते, पण इंजिन ऑइलमधून येणारी राख जळत नाही. म्हणून पुस्तिकेत सांगितलेल्या कमी राखेच्या ग्रेडचेच ऑइल वापरावे, दुकानदार दाखवील ते नव्हे. रीजनरेशन वारंवार तुटले, की फवारलेले जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते; म्हणून डिपस्टिकवर ऑइल कमी होणे जसे वाईट, तसेच वाढणेही वाईट, आणि ते आठवड्याला पाहावे. तिसरी गोष्ट आपल्या शेतांपुरती: रीजनरेशन चालू असताना सायलेन्सर अतिशय तापतो, तेव्हा गाडी उसाच्या पाचटावर, वाळलेल्या चाऱ्यावर किंवा छाटणीच्या काड्यांवर उभी करू नये.

एससीआर असलेल्या गाडीत ३२.५ टक्के शुद्ध युरियाचे द्रावण, म्हणजे डीईएफ, वेगळ्या टाकीत भरावे लागते. घरात युरियाची गोणी असते, म्हणून तो पाण्यात कालवून भरण्याचा मोह होतो, तो टाळावा. शेतीचा युरिया २०१५ पासून नीमलेपित आहे, त्यात इतर अशुद्धीही असतात, आणि त्याने पंप, फवारणीचे तोंड व उत्प्रेरक तिन्ही जातात.

डीपीएफ काढून टाकून संगणकात फेरफार करून देणारी माणसे मिळतात. ते बेकायदेशीर आहे, वॉरंटी जाते, आणि पुढे गाडी विकताना जाणकार ग्राहक पाठ फिरवतो. महामार्गावर ‘बायोडिझेल’ या नावाने मिळणाऱ्या स्वस्त द्रवाबद्दलही हेच म्हणेन: चाळीस लिटरमागे वाचलेले पैसे एका इंजेक्टरच्याही किमतीला पुरत नाहीत.

वायरिंग हा नव्या गाडीचा दुसरा नाजूक भाग. द्राक्षबागेत फवारणीच्या एचटीपी पंपाने गाडी धुण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या दाबाचे पाणी सेन्सरच्या कनेक्टरमध्ये शिरते आणि दोन महिन्यांनी कारण न कळणारे दिवे लागू लागतात. उंदीर तर आहेतच.

चौथे काम: गाडीआधी वर्कशॉप पाहणे

शोरूमला जाण्याआधी त्याच कंपनीच्या वर्कशॉपच्या फाटकाबाहेर सकाळी एक तास उभे राहावे. आपल्यासारख्या किती गाड्या आत उभ्या आहेत आणि त्यांपैकी किती सुट्या भागासाठी थांबल्या आहेत, हे तिथले चालकच सांगतात. त्यांच्याइतका निःपक्षपाती साक्षीदार मिळणार नाही. मग व्यवस्थापकाला विचारावे: या मॉडेलचा दाबफरक सेन्सर, इंजेक्टर, ईजीआर व्हॉल्व्ह आज साठ्यात आहे का? निदानाचे यंत्र चालवणारी माणसे किती, आणि रविवारी त्यांपैकी कोण असते? कसारा, चांदवड, पेठ या बाजूंना गाडी थांबली तर मदत कुठून आणि किती तासांत येते? उत्तरे तोंडी मिळतील, तरी वहीत लिहून घ्यावीत. लिहिताना दिसले की उत्तरे बदलतात, असा माझा अनुभव आहे.

वॉरंटीचा हिशेब वर्षांत करू नये, किलोमीटरमध्ये करावा. नाशिक ते वाशी एका बाजूने साधारण १६५ किलोमीटर धरले, तर येण्याजाण्याची एक खेप ३३० किलोमीटरची होते. वर्षाला २०० खेपा करणारा ६६,००० किलोमीटर जातो. वॉरंटी ‘३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटर, जे आधी पूर्ण होईल ते’ अशी असेल, तर ती त्याच्यासाठी दीड वर्षाची आहे. डीपीएफ, इंजेक्टर, टर्बो आणि सेन्सर तिच्यात येतात का, डिझेलमध्ये पाणी निघाल्यास किंवा जादा वजनाचे चलन सापडल्यास दावा नाकारला जातो का, हे छापील अटींत वाचावे. वाढीव वॉरंटीला मी सहसा खर्च म्हणतो, पण बीएस-६ डिझेलच्या बाबतीत, ती धूरयंत्रणेला लागू असेल तर, घ्यावी.

पहिल्याच वर्षातील नवे मॉडेल घेऊ नये. त्याचे दोष कोणाच्या तरी हंगामात उघडे पडणार असतात. तो हंगाम आपला नसावा.

दोन-तीन वर्षे वापरलेली बीएस-६ गाडी घेण्याचा विचार असेल, तर तपासणीत एक भर घालावी. निदानाचे यंत्र जोडून डीपीएफमधील काजळीचे प्रमाण, शेवटचे रीजनरेशन किती किलोमीटरपूर्वी झाले आणि पुसलेल्या बिघाड-कोडची नोंद, हे पाहावे. सायलेन्सरच्या टोकाला आतून बोट फिरवावे: फिल्टर शाबूत असलेल्या गाडीत बोट जवळजवळ स्वच्छ निघते, काळेकुट्ट निघाले तर फिल्टर फुटला आहे किंवा काढला आहे. किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याऐवजी सर्व्हिसच्या नोंदी, पेडलच्या रबराची झीज आणि हौद्याचा तळ पाहावा.

पाचवे काम: रुपयांचा ताळा

पुढचे आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी आहेत. ज्याने त्याने आपले घालावेत. समजा नवी गाडी सर्व खर्चासह १०.५ लाखांना पडते, २ लाख रोख आणि ८.५ लाखांचे कर्ज १० टक्के दराने ५ वर्षांसाठी. हप्ता साधारण १८,०६० रुपये येतो; ६० हप्त्यांचे १०,८३,६०० आणि रोखीचे २ लाख मिळून १२,८३,६०० रुपये. पाच वर्षांनी ती ५ लाखांना गेली, तर निव्वळ खर्च ७,८३,६०० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे १३,०६० रुपये. जुनी गाडी आज ३ लाखांना जाते आणि पाच वर्षांनी ७५ हजारांना जाईल असे धरले, तर ती ठेवण्याची घट महिन्याला ३,७५० रुपये होते. दोहोंतील फरक ९,३१० रुपये. नव्या गाडीचा जादा विमा धरून तो साडेदहा हजारांच्या घरात जातो.

याचा अर्थ, जुन्या गाडीच्या खोलवरच्या दुरुस्त्या, उभे राहिलेले दिवस, खराब झालेला माल आणि जादा डिझेल मिळून वर्षाला सव्वा लाखाहून अधिक जात असतील, तरच बदल पैशांत परवडतो. पहिल्या कामातील वही येथे उपयोगी पडते. उभ्या राहिलेल्या दिवसाची किंमत सर्वांत चुकीची धरली जाते: हंगामात ती बुडालेल्या भाड्याइतकी आणि मालाच्या घसरलेल्या भावाइतकी असते, पावसाळ्यात जवळजवळ शून्य असते. गाडी मुख्यतः पावसाळ्यातच बंद पडत असेल, तर ती तुमच्या समजुतीपेक्षा भरवशाची आहे. कांद्याला दोन दिवसांचा उशीर चालतो, द्राक्षाला चालत नाही. त्यामुळे एकाच गाडीचा एकच बिघाड लासलगावच्या माणसाला किरकोळ आणि दिंडोरीच्या माणसाला जीवघेणा वाटतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. नव्या गाड्या त्याने उतरल्या, तशीच जुन्यांची मागणीही मंदावते, म्हणून जुनीचा भाव दोन वर्षांपूर्वीच्या सौद्यावरून धरू नये. तीन ठिकाणी गाडी दाखवून आजचा भाव काढावा.

घेण्याची वेळ आणि पहिले महिने

गुढीपाडवा ऐन द्राक्षाच्या हंगामात येतो आणि दसरा टोमॅटोच्या. नव्या गाडीचे सुरुवातीचे दोष पहिल्या चार-पाच हजार किलोमीटरमध्ये निघतात, आणि ते हंगामात निघणे कोणालाच परवडत नाही. मुहूर्त पाळणाऱ्याला अक्षय्य तृतीया सोयीची आहे: द्राक्षे संपलेली असतात आणि पावसाला अवकाश असतो. शक्य असल्यास जुनी गाडी तोवर विकू नये. दोन महिने दोन्ही राखण्याचा खर्च हा विम्याचा हप्ता समजावा.

ताबा घेतल्या दिवशी चालकाला शेजारी बसवून डीपीएफ, ईजीआर, डीईएफ आणि इंजिनाचा दिवा यांचे अर्थ समजावून द्यावेत, आणि ते मराठीत लिहून डॅशबोर्डवर चिकटवावेत: पिवळा दिवा लागला तर महामार्गावर वीस मिनिटे एका गतीने चालवा, इंजिन मध्येच बंद करू नका, लाल लागला तर थांबा आणि फोन करा. घाट चढून आल्यावर ढाब्यावर लगेच किल्ली फिरवू नये, एक-दोन मिनिटे इंजिन मंद चालू ठेवावे, म्हणजे तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगला ऑइल मिळत राहते. डिझेल फिल्टरखालचे पाणी ठराविक दिवशी सोडावे. पावसाळ्यात अधिक वेळा.

फक्त स्थानिक फेऱ्या असतील, तर पंधरवड्यातून एकदा गाडी भरून सिन्नरपर्यंत किंवा पिंपळगावपर्यंत एका दमात न्यावी. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला आहे, आणि अशा एकसारख्या धावेला तो उत्तमच आहे. परंतु तिथे जुने किंवा रिट्रेड टायर आणि जादा वजन घेऊन जाऊ नये, कारण सिमेंटच्या तापलेल्या रस्त्यावर सलग वेगात टायर फुटण्याचा धोका वाढतो.

जुनी गाडी देताना कर्ज फिटलेले असेल तर आधी फॉर्म ३५ देऊन नोंदणीवरील बोजा उतरवावा, मग फॉर्म २९ आणि ३० वर सह्या कराव्यात, आणि पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात एमएच-१५ ची ती गाडी प्रत्यक्ष घेणाऱ्याच्या नावावर चढेपर्यंत पाठपुरावा करावा. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दलालाला देण्याची पद्धत सर्रास आहे. अपघात झाल्यास नोंदणीवर ज्याचे नाव असेल तोच भरपाईला जबाबदार धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलेले आहे. म्हणून घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, ताब्याची तारीख व वेळ लिहिलेली पावती आणि विमा हस्तांतराचा अर्ज हातात आल्याशिवाय किल्ली देऊ नये. फास्टॅग मात्र त्याच दिवशी, गाडी दारातून निघण्याआधी बंद करून घ्यावा. माझ्या खात्यातून घोटी टोलचे पैसे नंतरचे अकरा दिवस जात राहिले.